वाकळीला लागलेला रंग

रसायनशास्त्र शिकविणाऱ्या माणसाच्या हातून कपडे धुताना चूक झाली, तर घरची मंडळी ती सहसा विसरत नाहीत. माझ्या हातून अशी चूक गेल्या मे महिन्यात झाली, आणि तीही बाजारात पुन्हा विकत मिळणार नाही अशा वस्तूच्या बाबतीत. त्या चुकीतून जे शिकलो ते विद्यार्थिमित्रांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पेडणे तालुक्यात कोरगावला आमचे घर आहे. तेथे आईने शिवलेली एक वाकळ आहे. कोणी तिला गोधडी म्हणतील. आपल्या महाविद्यालयातील कन्नड भाषक विद्यार्थी तिलाच कौदी म्हणतात. वरच्या बाजूला आईचे इरकली लुगडे, त्याच्या तांबड्या पदरासकट. मध्ये जुन्या कपड्यांचे दोन थर. खालच्या बाजूला आजोबांचे पांढरे धोतर. सगळ्यांवरून बोटभर अंतराने घातलेला धावदोरा. आजोबा नाहीत, आता आईही नाही. दोघांची वस्त्रे मात्र एका दोऱ्याने शिवलेली आमच्याकडे आहेत.

वापरून वापरून वाकळीच्या कडा विरल्या होत्या. डिचोली तालुक्यातील मये गावची माझी मावशी सुट्टीत आमच्याकडे आली, तेव्हा तिने हौसेने चारी बाजूंना नव्या तांबड्या सुती कापडाची पट्टी लावून दिली. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन उन्हात वाळवून घेतात, कारण एकदा पाऊस लागला की जाड वस्त्र आठ-आठ दिवस वाळत नाही. त्या रीतीप्रमाणे मी ती वाकळ संध्याकाळी एका टबात घडी करून, साबणाची पूड टाकून, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात भिजत घातली आणि झोपी गेलो.

सकाळी पाहतो तो टबातले पाणी कोकमाच्या आगळासारखे झालेले! घडी उलगडली. आजोबांच्या धोतरावर जागोजागी गुलाबी ढग उठले होते, आणि जेथे घडीची कड पाण्याबाहेर राहून सुकली होती तेथे गडद तांबडी रेघ उमटली होती.

मावशी धावत आली. "मीठ घाल रे बाबा, मीठ. रंग बसतलो," ती म्हणाली. शेजारच्या काकींनी शिरका सुचविला, आणखी कोणी तुरटी. मी मिठाची बरणी हातात घेतलीसुद्धा. पण मावशीच्या वाक्यातील एका शब्दाने मला थांबविले. रंग बसतलो, हे खरे. पण तो बसणार कोठे? पट्टीवर की धोतरावर? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वर्गात शिकविलेले बरेच काही मला नव्याने समजले.

रंग आणि धूळ

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. डिचोली तालुक्यातील खाणींच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पांढऱ्या सदऱ्याची काय अवस्था होते हे सांगायला नको. ती धूळ म्हणजे मुख्यतः लोहाचे ऑक्साइड. ते पाण्यात विरघळत नाही. बारीक कण धाग्यांच्या फटींत जाऊन बसतात. ते चोळून, आपटून, पाण्याने ओढून काढावे लागतात. अशा अविद्राव्य रंगद्रव्याचा डाग एका वस्त्रावरून दुसऱ्यावर पाण्यातून विरघळून जात नाही.

कापड रंगविण्याच्या रंगाचे तसे नाही. रंगविताना तरी तो पाण्यात विरघळलेला असावा लागतो, त्याशिवाय तो धाग्याच्या आत शिरणार कसा? आणि येथेच खरी मेख आहे. जो पाण्यातून आत शिरला, तो पाण्यातून बाहेरही येऊ शकतो. तो येऊ नये यासाठी त्याला आत कशाने तरी अडकवून ठेवावे लागते. रंग पक्का की कच्चा, हे त्या अडकविण्यावर ठरते.

पक्केपणाही एकच एक नसतो. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. अल्कलीमुळे होणारा तो पालट आहे. तो डाग धुऊन सहज जात नाही, पण कडक उन्हात दोन दिवस टाकला की फिका पडतो. म्हणजे पाण्यापुढे टिकणारा रंग उजेडापुढे हरतो. उलट काही रंग उन्हाला दाद देत नाहीत पण घामाने उतरतात. म्हणून कापडाच्या परीक्षेत धुणे, ऊन, घाम आणि घर्षण या प्रत्येकापुढील टिकाऊपणा निरनिराळा मोजतात.

रंग धाग्याला कसा धरून राहतो

सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्याशी रंगाचे नाते ढोबळमानाने तीन प्रकारांनी जुळते.

पहिला प्रकार केवळ ओढीचा. रंगाचे लांब, सपाट रेणू सेल्युलोजच्या साखळीला लगटून बसतात. हायड्रोजन बंध आणि व्हॅन डर वाल्स बले त्यांना धरून ठेवतात. या रंगांना प्रत्यक्ष रंग म्हणतात. प्रयोगशाळेत आम्लाने निळा होणारा म्हणून आपल्या परिचयाचा काँगो रेड हा या कुळातील पहिला प्रसिद्ध रंग; १८८४ साली बॉटिगर या जर्मन रसायनज्ञाने तो तयार केला. त्यापूर्वी मंजिष्ठासारख्या रंगांसाठी सुती कापडावर तुरटीचा संस्कार करावा लागे. नवा रंग मात्र गरम पाण्यात घालून कापड बुडविले की झाले! सोय फार मोठी, पण बंध सैल. गरम साबणाच्या पाण्यात असा रंग प्रत्येक धुण्याला थोडा थोडा सुटत राहतो.

दुसरा प्रकार कोंडण्याचा. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगारी तिच्यावर क्षपणाची क्रिया करून तिला विद्राव्य रूपात आणतो, ती धाग्यात मुरली की हवेतील ऑक्सिजनने ती पुन्हा अविद्राव्य होते आणि आतच अडकून पडते. नॅफ्थॉलचे तांबडे रंगही धाग्याच्या आतच दोन घटकांच्या संयोगाने तयार होऊन अविद्राव्य होतात. हे रंग पाण्यात सुटत नाहीत. मात्र पृष्ठभागावर राहिलेले कण घासले असता दुसऱ्या कपड्याला लागतात.

तिसरा प्रकार बांधण्याचा. रंगाचा रेणू सेल्युलोजशी सहसंयुज बंधाने कायमचा जोडला जातो. हे क्रियाशील रंग १९५६ साली बाजारात आले. आज सुती कापडाला त्यांचा फार मोठा वापर होतो. हा बंध घरच्या धुण्याने तुटत नाही. मग क्रियाशील रंगाचे नवे कापडही पहिल्या धुण्याला पाणी रंगविते ते का? कारण रंगविताना रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो. असा रेणू धाग्याला बांधला जाण्याची शक्ती गमावून बसतो आणि नुसता चिकटून राहतो. तो उकळत्या साबणाच्या पाण्याने धुऊन काढणे हे रंगाऱ्याचे शेवटचे काम. त्याने पाणी आणि इंधन वाचविले, तर ते काम तुमच्या माझ्या टबात होते!

मीठ, शिरका आणि तुरटी

आता मावशीच्या मिठाकडे वळू. मीठ हा उपाय निराधार नाही. त्याची जागा मात्र चुकली आहे. सुती धागा पाण्यात किंचित ऋण विद्युत्‌भारित असतो, आणि प्रत्यक्ष रंगाचे आयनही ऋणच असतात. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ घातले की त्यातील सोडियमचे धन आयन हा दुरावा कमी करतात आणि रंग धाग्याकडे सरकतो. म्हणूनच रंगारी रंगाच्या पाण्यात मूठमूठ मीठ टाकतो. धुताना मीठ घातले तर पाण्यात कमी रंग दिसतो, आणि घरच्या बाईला वाटते, रंग बसला. पुढच्या खेपेस मिठाशिवाय धुतले की रंग पुन्हा सुटतो.

आणि पाण्यात आधीच सुटलेला रंग असताना मीठ घातले तर? तो रंग जवळच्या धाग्याकडे लोटला जाणार, आणि तो धागा पांढऱ्या धोतराचाही असू शकतो. मी बरणी रिकामी केली असती, तर आजोबांचे धोतर शास्त्रशुद्ध रीतीने रंगवून मोकळा झालो असतो.

शिरक्याचा उपयोग लोकर, रेशीम आणि नायलॉन यांवरील आम्लधर्मी रंगांना होतो, सुताला नाही. तुरटी मंजिष्ठासारख्या रंगांना धाग्याशी जोडून देते खरी, पण ती रंगविण्यापूर्वी किंवा रंगविताना. वाकळीला रंग लागल्यावर तिचा उपयोग नाही. गिरण्यांतून धन आयनी द्रव्ये वापरून प्रत्यक्ष रंग पक्के करतात. परंतु डाग पडलेल्या वस्त्रावर ती वापरली तर रंगाबरोबर डागही पक्का होतो.

पाण्याचा हिशेब

मग उपाय कोणता? भरपूर पाणी, उष्णता, साबण आणि सबुरी. यातील प्रत्येकाला कारण आहे.

सुटलेला रंग पाणी आणि धागा यांच्यात विभागला जातो. पाणी थोडे असले की त्यातील रंगाची संहती वाढते आणि पांढऱ्या धाग्यावर जास्त रंग चढतो. माझी चूक नेमकी हीच होती. पाणी भरपूर असले की संहती उतरते आणि रंग धाग्यातून पाण्याकडे परततो. तापमान वाढले की धाग्याची रंगावरील पकड सैल होते आणि रेणूंची हालचालही वेगाने होते. साबणाचे काम सुटलेल्या रंगाला पाण्यात तरंगत ठेवण्याचे.

शेवटच्या खळबळण्याचा हिशेब तर विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावा. पिळल्यावर वाकळीत ४ लिटर पाणी उरते असे धरा. तिच्यात ३६ लिटर स्वच्छ पाणी घालून ढवळले आणि पुन्हा ४ लिटर उरेपर्यंत निथळले, तर पाण्यात मोकळा असलेल्या रंगाचा दहावा भाग मागे राहतो. असे तीन वेळा केले तर हजारावा. हेच १०८ लिटर पाणी एकदम ओतून एकदाच निथळले असते, तर अठ्ठाविसावा भाग राहिला असता. पाणी तेवढेच, फळ मात्र कितीतरी निराळे. द्रावकाच्या साहाय्याने निष्कर्षण करताना आपण तेच द्रावक दोन-तीन हप्त्यांत का वापरतो, याचे उत्तर धुण्याच्या दगडावरही मिळते ते असे. धाग्याला चिकटलेला रंग इतक्या सरळ हिशेबाने निघत नाही. त्यासाठी प्रत्येक खेपेस वेळ द्यावा लागतो.

गडद रेघेचे कारणही यातच आहे. ओले वस्त्र सुकते तेव्हा केशाकर्षणाने पाणी कोरड्या कडेकडे ओढले जाते, तेथे त्याची वाफ होते आणि रंग मागे साचतो. म्हणून रंग लागलेले वस्त्र सुकू देणे ही पहिल्यापेक्षा मोठी चूक ठरते. आणि त्यावर इस्त्री तर मुळीच फिरवू नये.

प्रत्यक्ष काय केले

वाकळ ओलीच ठेवून आम्ही प्रथम तांबडी पट्टी उसवली. दोष जेथून येतो तो झरा आधी बंद केला पाहिजे. मावशीने स्वतः लावलेले टाके स्वतःच्या हाताने कापले. त्या वेळी ती काहीच बोलली नाही.

पुढे अडचण आली ती इरकली पदराची. इरकली लुगड्याचे अंग सुती असले, तरी पदर रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. खऱ्या रेशमाला कढत पाणी आणि कपड्याची क्षारयुक्त पूड सोसत नाही. तेव्हा धोतर वाचवावे तर आईचा पदर जाणार, आणि पदर सांभाळावा तर धोतर तसेच राहणार! पदराच्या सुटलेल्या टोकाचा एक धागा काढून, सुकवून, चिमट्यात धरून पेटविला. रेशीम असते तर केस जळल्याचा वास येऊन चुरडता येण्याजोगी काळी गाठ उरली असती. धागा कागदासारखा भुरभुर जळला आणि करडी राख राहिली. म्हणजे तो रेयॉन होता, सेल्युलोजच्याच जातीचा. गरम पाण्याचा मार्ग मोकळा झाला. रेयॉन ओला असताना दुबळा होतो, एवढे पथ्य मात्र पाळायचे होते. म्हणून वाकळ एका टोकाला धरून उचलायची नाही, पिळायची नाही, खालून आधार देऊन दोघांनी काढायची.

न्हाणीघरातील भाणात पाणी तापविले. पाण्याच्या मोठ्या पिंपात ते ओतून, त्यात विहिरीचे पाणी मिसळले. उष्णतामापक हाताशी नव्हता. बोट दोन-तीन क्षणांपेक्षा जास्त ठेववत नाही एवढे ते कढत ठेवले. कपड्याचा साबण नेहमीपेक्षा जास्त घातला. घडी न करता वाकळ सैल सोडली, आणि कोणताही भाग पाण्यावर राहू नये म्हणून वरून पाट ठेवून दाबली. तासातासाने काठीने हलकेच ढवळत गेलो. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरायचे. ते स्पष्ट गुलाबी दिसले की बदलायचे. "पाण्याक कंजुशी करू नको," हे मावशीचे वाक्य मात्र अगदी शास्त्राला धरून होते.

दुपारपर्यंत तीन पाणी बदलली. चौथ्यात रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यातले पाणी स्वच्छ होते. मग गार पाण्याने खळबळून, खाली पांढरी चादर अंथरून, वाकळ सपाट पसरून वाऱ्यावर वाळविली.

विरंजक पूड वापरण्याचा मोह मला झाला होता; तो टाळला. क्लोरीनचे विरंजक डाग ओळखत नाही. ते आईच्या लुगड्याचा रंगही घेऊन गेले असते, आणि जुन्या सुताचे बळही. रंगारी वापरतात त्या हायड्रोजचेही तसेच.

धोतरावरचे गुलाबी ढग गेले. जेथे कड सुकली होती तेथे मात्र एक फिकट रेघ अजून आहे. एका रात्रीच्या निष्काळजीपणाची ती खूण.

आधीची परीक्षा

उरलेल्या तांबड्या कापडाचा तुकडा मी नंतर वेगळा धुऊन पाहिला. सहाव्या गरम पाण्यालाही तो थोडा थोडा रंग सोडीतच होता. क्रियाशील रंगाचा सैल भाग असता तर तो एव्हाना संपला असता. तेव्हा हा प्रत्यक्ष रंग असावा, असे माझे अनुमान आहे. अशा कापडाची जागा पांढऱ्या धोतराशेजारी नव्हे.

ही परीक्षा शिवण्यापूर्वी कोणालाही करता येते. प्रत्येक नव्या कापडाचा बोटभर तुकडा पांढऱ्या सुती तुकड्याला टाचावा, गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवावा, आणि दोन्ही वेगळे करून सुकवावेत. पांढऱ्यावर छटा आली की कापड नापास. प्रयोगशाळांतून हीच परीक्षा ठरलेल्या तापमानाला करतात, आणि करड्या पट्टीशी ताडून ५ ते १ असे गुण देतात. ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे फार मोठा डाग. आपल्या प्रयोगशाळेत एक स्टोव्ह, चार बीकर आणि घरून आणलेल्या चिंध्या एवढ्यावर हा प्रयोग सहज होईल.

पण माझ्या आईने अशी परीक्षा कधी केली नव्हती, आणि तिच्या वाकळीचा रंग कधी गेला नाही. याचे कोडे मला बरेच दिवस होते. उत्तर अगदी सोपे निघाले. ती वाकळीत नवे कापड घालीतच नसे. दहा-बारा वर्षे नेसून, दगडावर आपटून, ज्याचा सुटणारा सगळा रंग केव्हाच वाहून गेला आहे, असेच लुगडे वाकळीत जाई. म्हणजे शेकडो धुण्यांची परीक्षा आधीच झालेली असे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात, तीही जुन्या कपड्यांच्या तुकड्यांचीच. कडेपासून मध्याकडे शिवीत जाऊन त्या चारी कोपऱ्यांवर घडीची फुले बसवितात. गरिबीने शिकविलेली ही काटकसर रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बिनचूक होती. आज आपण शिंप्याकडच्या नव्या चिंध्या आणतो, हौसेची पट्टी लावतो. तेव्हा ते शेकडो धुण्यांचे काम आपल्यालाच आधी उरकून घेतले पाहिजे.

मावशीला हे सांगितले तेव्हा ती थोडी हिरमुसली. मग तिने आपल्या पिशवीतून एक जुनी, विटकी, मऊ झालेली साडी काढली. तिच्या कोपऱ्याचा तुकडा पांढऱ्या फडक्याला टाचून आम्ही गरम पाण्यात टाकला. अर्ध्या तासाने फडके जसेच्या तसे पांढरे बाहेर आले. वाकळीच्या चारी बाजूंना आता त्या साडीची पट्टी आहे.